ड्रोन मानवरहित, मग माणूस कुठे?

'मानवरहित' हा शब्द खानदेशात ड्रोनच्या कितीतरी आधी रेल्वेने आणला. भुसावळच्या आसपास वाढलेल्या पिढ्यांनी तो पहिल्यांदा वाचला तो रुळांजवळच्या पाटीवर: मानवरहित रेल्वे फाटक. गंमत अशी की तिथे फाटकही नसायचं. दोन्ही बाजूंचा चढ, मधे रूळ, एक पाटी आणि पुढे ज्याचं त्याचं नशीब. कापसाने भरलेले ट्रॅक्टर, वऱ्हाडाच्या जीपा, गुरं, शाळकरी पोरं सगळी तिथूनच जायची. अपघात झाला की बातमीत हाच शब्द यायचा, आणि तो वाचताना मनात एकच अर्थ उमटायचा: इथे माणूस असता तर हे झालं नसतं.

कायद्याने मात्र तिथेही माणूस ठेवलेला होता, फक्त जागा बदलून. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 131 वं कलम सांगतं की पहारा नसलेल्या अशा ठिकाणी आल्यावर चालकाने गाडी थांबवायची, कंडक्टरने किंवा बरोबरच्या माणसाने खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, दोन्हीकडे पाहायचं आणि मगच गाडी काढायची. बरोबर कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं. रेल्वेने फाटकवाला नेमला नाही, म्हणून त्याचं काम ट्रॅक्टरवाल्याच्या गळ्यात आलं. किती ट्रॅक्टरवाले खाली उतरत असतील ते सांगायला नको. 2019 च्या जानेवारीअखेर देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरची सगळी मानवरहित फाटकं बंद झाली, कुठे पूल झाले, कुठे भुयारी रस्ते, कुठे फाटकवाला आला.

त्याच सुमारास हा शब्द दुसऱ्या वाटेने परत आला. यावेळी तो कौतुकाचा होता. 'मानवरहित' म्हणजे आधुनिक, सुरक्षित, झटपट. रुळावर जी उणीव होती ती आभाळात गुण ठरली. शब्दाचं असं पारडं फिरतं तेव्हा थोडं थांबून पाहावं, त्यातला 'मानव' नेमका कोण आणि 'रहित' नेमकं काय.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा तापीकाठचा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने करपा थांबत नाही. पावसाळ्यात पानांवर पिवळे ठिपके, मग तपकिरी पट्टे, मग सगळं पानच वाळतं. पानं गेली की घड पोसत नाही. मृगबाग ऐन पावसात वाढीला लागते आणि थोड्याच महिन्यांत पानांची छत्री वरून मिटते. त्या छत्रीखाली पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन, चिखलातून, वरच्या पानांवर औषध मारत फिरणं हे काम ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. (कीटकनाशकाला आणि बुरशीनाशकाला आपल्याकडे सरसकट 'औषध' म्हणतात. हाही एक फसवा शब्द, पण तो पुन्हा कधी.) औषध वरच्या पानापर्यंत पोचत नाही आणि मारणाऱ्याच्या तोंडावर मात्र पडतं.

ड्रोन हे काम वरून करतो. पिकाच्या दोन-तीन मीटर वर राहून तो सरळ तासांत उडतो, त्याच्या पंख्यांचा झोत थेंबांना खाली ढकलतो आणि पानं हलवतो. साधारण दहा लिटरची टाकी, एका एकराला तेवढंच द्रावण, वेळ सात ते दहा मिनिटं. पाठीवरच्या पंपाला त्याच एकरात दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या केळीच्या अवाढव्य मळ्यांवर हीच करप्याची फवारणी अनेक दशकं विमानातून होत आली आहे, आणि त्या विमानात वैमानिक बसलेला असतो. आपल्या दोन-चार एकराच्या तुकड्यांवर विमान कोण आणणार? इथे बिनवैमानिकाचंच यंत्र बसतं.

आता बांधावर पाहा. एक जण हातात रिमोट घेऊन उभा, नजर आभाळात. दुसरा टाकी भरतोय आणि औषधाचं प्रमाण मोजतोय. 'छोटा हत्ती' टेम्पोच्या हौद्यात जनित्र धडधडतंय, त्यावर बॅटऱ्या चार्ज होतायत, कारण एक बॅटरी एक-दीड एकरात संपते. शेतमालक हद्द दाखवतोय, विजेची तार कुठून जाते ते सांगतोय. एका मानवरहित यंत्राभोवती तीन माणसं. आणि केळीवर हरण्या रोग आला, म्हणजे मोझॅक विषाणू, तर ड्रोनचा उपयोग जेमतेम मावा मारण्यापुरता. रोगट झाड ओळखून, उपटून, बागेबाहेर नेऊन नष्ट करायला माणूसच खाली वाकतो.

'ड्रोन' हा शब्द इंग्रजीत मुळात नर मधमाशीचा. हा प्राणी पोळ्यात ना मध आणतो ना पहारा करतो, त्याला नांगीही नसते. आळशी माणसालाही इंग्रजीत हेच म्हणत. असं नाव उडत्या यंत्राला कसं चिकटलं? 1935 मध्ये ब्रिटनने तोफखान्याच्या सरावासाठी रेडिओवर चालणारं विमान बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'क्वीन बी', राणी माशी. त्याच्यावर गोळे झाडायचे, म्हणून आत माणूस नको. अमेरिकी नौदलाने ते पाहिलं आणि तसंच काही स्वतः करायला घेतलं. राणी माशीच्या मागून आलेल्या या विमानांना 'ड्रोन' म्हणायला सुरुवात 1936 च्या सुमारास झाली, आणि त्याचं श्रेय डेल्मर फार्नी या नौदल अधिकाऱ्याला दिलं जातं. राणी माशीची एक गोष्ट मला विशेष आवडते: तिच्या पुढच्या आसनावर नेहमीच्या विमानासारखी सगळी नियंत्रणं होती. गरज पडली तर वैमानिक बसून ती उडवून नेऊ शकत होता. पहिल्या ड्रोनमधूनही माणूस पुरता बाहेर पडलेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात अशी सराव-विमानं अमेरिकेत हजारोंनी बनली. कॅलिफोर्नियातल्या रेडिओप्लेन या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणीचे फोटो 1945 मध्ये सैन्याच्या छायाचित्रकाराने काढले. पुढे जग तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखू लागलं. विषयाशी याचा संबंध तसा दूरचा, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

भारतातही सुरुवात तशीच झाली. संरक्षण संशोधन संस्थेच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेने विकसित केलेलं 'लक्ष्य' हे वैमानिकरहित विमान नावाप्रमाणे नेमबाजीचं लक्ष्यच होतं. म्हणजे या यंत्रांच्या आजोबांचं काम मार खाण्याचं. टेहळणी, हल्ला, फवारणी, लग्नातलं शूटिंग हे सगळं नंतरचं.

कायद्याची भाषा मात्र कधीच लोकांच्या भाषेबरोबर चालली नाही. 1944 च्या शिकागो कराराने आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा पाया घातला. त्याच्या आठव्या कलमाचा मथळा आहे वैमानिकरहित विमान. तेव्हापासूनच नियम असा की अशा विमानाने दुसऱ्या देशावरून परवानगीशिवाय उडायचं नाही. पुढे 'मानवरहित' आलं. मग हवाई वाहतुकीच्या तज्ज्ञांनी 'दूरस्थ वैमानिकाचं विमान' अशी संज्ञा काढली, कारण त्यांच्या मते वैमानिक असतोच, तो फक्त जमिनीवर बसलेला असतो. मला विचाराल तर सगळ्यांत खरी संज्ञा हीच. अलीकडे इंग्रजीत 'मॅन' या शब्दात पुरुषाचा वास येतो म्हणून अमेरिकेच्या 'नासा'सारख्या संस्था त्या जागी 'चालकदलाशिवाय' अशा अर्थाचा शब्द वापरतात. आपल्याला ती अडचण नाही, 'मानव' म्हणताना मराठीत बाईही आलीच. पण आपली अडचण वेगळी आहे.

समजा उद्या बिनचालकाची मोटार आली आणि तिच्यात आजी, नात आणि दोन पिशव्या केळी बसली. ही गाडी मानवरहित कशी म्हणायची? माणसं आहेत, चालक नाही. ती चालकविरहित. मुंबईच्या मेट्रो 2अ आणि 7 मार्गांवरच्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशाच बांधलेल्या आहेत, पण 2022 मध्ये त्या सुरू झाल्या तेव्हा केबिनमध्ये माणूस होता. बातम्यांत तरीही 'चालकविरहित मेट्रो' असंच छापून आलं. 'गगनयान'च्या आधीच्या चाचणी-उड्डाणाला मात्र 'मानवरहित' हेच शोभतं, कारण त्यात ना अंतराळवीर ना प्रवासी. 'व्योममित्र' नावाचा यंत्रमानव तेवढा जायचा आहे. 2024 मध्ये 'मातंगी' ही स्वतःच वाट काढणारी बोट मुंबईहून तुतिकोरीनच्या दिशेने निघाली, तिला 'स्वयंचलित' म्हणावं. आणि शेतातला ड्रोन? आखलेल्या तासांत तो आपोआप उडतो म्हणून थोडा स्वयंचलित, रिमोटवर म्हणून दूरनियंत्रित, आत कोणी बसूच शकत नाही म्हणून मानवरहित. एकाच उड्डाणात तिन्ही.

मराठीत याला सोपा उपाय होता. 'बिन' लावून आपण किती सहज शब्द केले: बिनतारी, बिनव्याजी, बिनविरोध. 'बिनवैमानिकी विमान' कुणालाही कळलं असतं. पण लोकांनी 'ड्रोन' पसंत केला, आणि त्याला लिंगही देऊन टाकलं. विमान ते, हेलिकॉप्टर ते, पण ड्रोन मात्र तो: 'ड्रोन आला', 'ड्रोन पाडला'. नर माशीचं नाव नकळत पुल्लिंगी राहिलं हा योगायोगच. माझ्या मते बोलताना आणि बातमीत 'ड्रोन'च ठेवावा. 'मानवरहित हवाई वाहन' असा सरकारी लांबोडा लावून काही जास्त कळत नाही, उलट कमीच कळतं, कारण तो ऐकणाऱ्याला वाटतं यात कुणाचा हात नाही.

हात कुणाचा, हाच प्रश्न 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या गावांना पडला होता. रात्री गावावर ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात, अशी भीती पसरली. लोक रात्र-रात्र जागले, गस्ती घातल्या, विधिमंडळातही चर्चा झाली. त्या भीतीत तथ्य किती आणि अफवा किती हा भाग सोडा. दिवा दिसतो, घोंघाट ऐकू येतो, पण उडवणारा दिसत नाही, हे भीतीचं मूळ. दारात मोटारसायकल थांबली तर तिच्यावर बसलेल्याला विचारता येतं. डोक्यावरच्या ड्रोनला काय विचारणार?

आपले नियम मुख्यतः याच प्रश्नाचं उत्तर आहेत. 25 ऑगस्ट 2021 ला देशात ड्रोन नियम लागू झाले. त्यांत वजनानुसार पाच गट आहेत: 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत लघु, 150 किलोपर्यंत मध्यम, त्यापुढे मोठा. फवारणीचे दहा लिटरवाले ड्रोन भरल्या टाकीसह 25 किलोंच्या आत बसतील असेच बहुधा बांधलेले असतात. प्रत्येक ड्रोनला नोंदणीचा विशिष्ट क्रमांक हवा. फवारणीसारख्या व्यवसायाला उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. वय 18 ते 65, शिक्षण किमान दहावी, आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. आणि हे यंत्र नजरेच्या टप्प्यात ठेवूनच उडवायचं, ही तर साधी गोष्ट.

आभाळाचीही वाटणी आहे: हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही उंची 200 फूट होते, आणि त्याच्या आत परवानगीशिवाय उडायचंच नाही. जळगावला 2012 मध्ये विमानतळ झाला, त्यामुळे शहर आणि भोवतीची बरीच गावं या वर्तुळात येतात. रावेर-यावलची केळी त्याच्या बाहेर. पण भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माणी आहेत, तिकडे ड्रोन काढण्याआधी सरकारच्या 'डिजिटल स्काय' या नकाशावर रंग पाहून घेणं शहाणपणाचं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या किती पोरांनी तो नकाशा उघडलाय, हे त्यांच्या मामांनी एकदा विचारावं.

नियम लागू झाल्यावर तीनच वर्षांनी, त्याच तारखेला म्हणजे 25 ऑगस्ट 2024 ला जळगावात 'लखपती दीदी' संमेलन झालं आणि पंतप्रधान त्याला आले. बचत गटांतल्या बायांच्या हाती ड्रोन देणारी 'नमो ड्रोन दीदी' योजना त्याच्या आदल्या वर्षी, 2023 मध्ये, केंद्राने मंजूर केली होती, 1261 कोटींची. गटाला ड्रोनच्या किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये मदत, आणि पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. योजनेच्या कागदात एक गोष्ट नीट लिहिलेली आहे, जी 'मानवरहित' या शब्दात दिसत नाही: प्रत्येक ड्रोनमागे एक पायलट आणि एक मदतनीस. दुरुस्ती, बॅटरी, नोझल यांची समज असलेला दुसरा माणूस नसेल तर दहा लाखांचं यंत्र पहिल्या हंगामातच पडवीत जातं. योजनेचं यश दिलेल्या ड्रोनच्या आकड्यावर मोजू नये, दुसऱ्या वर्षी किती उडतायत यावर मोजावं.

महाराष्ट्राला ड्रोनचं आणखी एक काम आधी कळलं होतं, गावठाणाची मोजणी. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाबरोबर तो प्रयोग केला आणि 2020 मध्ये तो केंद्राची 'स्वामित्व' योजना म्हणून निघाला. तिथेही ड्रोन उडायच्या आधी घरमालकांनी आणि कर्मचाऱ्यांनी चुन्याच्या रेषा मारून हद्दी दाखवायच्या असतात. शेजाऱ्याशी भांडण असेल तर ते त्या चुन्यावरच होतं. वरून फोटो येतो, हद्द खालूनच ठरते. जव्हारहून झाप गावाला डिसेंबर 2021 मध्ये ड्रोनने लशी पोचवल्या गेल्या, तेव्हा त्या टोचायला आरोग्यसेविका गावातच होती. 2020 च्या टोळधाडीत राजस्थानात ड्रोनने फवारणी झाली, तर टोळ रात्री कुठे उतरले हे गावकऱ्यांनीच कळवायचं असे.

हे सगळं वाचून ड्रोनवर माझा राग आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. 2017 चा यवतमाळचा खरीप आठवा. कपाशी डोक्याइतकी वाढली होती, बोंडअळीच्या धास्तीने औषधं मिसळून मारली जात होती आणि फवारा थेट मारणाऱ्याच्या अंगावर पडत होता. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर त्या विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यात सालदार होते, रोजंदारीवरचे होते. कपाशी जळगाव-धुळ्यातही तेवढीच उंच वाढते. त्या फवाऱ्याखालून माणसाला बाहेर काढणं, एवढं एक काम ड्रोनने केलं तरी त्याची किंमत वसूल. 'मानवरहित' शब्दाला मी मनापासून मान देतो तो इथे.

बांधावरच्या माणसाला मात्र हातमोजे आणि मास्क लागतोच, कारण ड्रोनच्या टाकीत दहा लिटरमध्ये जे औषध असतं ते पाठीवरच्या पंपापेक्षा कितीतरी पट घट्ट असतं. ते कालवणारा मदतनीस सगळ्यांत जास्त धोक्यात. शिवाय वारा. बारीक थेंब शेजारच्या शेतात, विहिरीवर, गोठ्यावर जातात. केंद्राच्या कृषी मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती काढली, पुढच्या एप्रिलमध्ये 477 कीडनाशकांना ड्रोनवर वापरायला तात्पुरती मंजुरी दिली. म्हणजे दुकानातलं कुठलंही औषध टाकीत ओतायला मुभा नाही. आणि फुलोऱ्यावर मधमाश्या असताना तर ड्रोन खालीच ठेवावा. नर माशीचं नाव घेऊन फिरणाऱ्याने तेवढं पाळावं.

खानदेशातली कृषी महाविद्यालयं, केळी संशोधन केंद्र आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या हाताशी आहेत. कुठलं औषध, किती प्रमाण, हे तिथे विचारता येतं. येत्या हंगामात भाड्याने ड्रोन बोलावलात तर एकराचा दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: यंत्राचा नोंदणी क्रमांक, उडवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि टाकीत ओतायच्या औषधाचं नाव. आणि आदल्या दिवशी शेजारच्या बांधावर निरोप द्या, उद्या सकाळी फवारणी आहे, गुरं आत बांधा.